सावकाश जा

आज संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं आणि मी आमाला न सांगता बाहेर पडले. एवढंच केलं. ऐकणाऱ्याला यात काही वाटणार नाही. बाई कचरा टाकायला खाली गेली, त्यात सांगायचं काय. पण जिन्याच्या पहिल्या वळणावर माझे पाय थांबले. एका हातात निळ्या पिशव्या, दुसऱ्या हातात उष्ट्याची बादली, आणि कपाळ कोरडं. रोज या वेळी त्यावर आमाच्या हाताची मागची बाजू टेकून गेलेली असते, तिच्या बोटांना लावलेल्या मलमाचा वास नाकात असतो, आणि तिचं ‘सावकाश जा’ माझ्या मागोमाग जिना उतरत असतं. आज मागून काही आलं नाही. दाराला मी नेहमीसारखं बाहेरून कुलूप घातलं होतं आणि आत आमा, म्हणजे इथल्या भाषेत आजी, जिला सांभाळायला मी कामाला आहे ती, सोफ्यावर बसून टीव्हीकडे बघत होती. तिला कळलंही नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. ती तर पोटच्या मुलालासुद्धा कधीकधी ‘आपण कोण, जेवून आलात का’ असं विचारते. मग माझं ‘येते’ म्हणणं राहिलं काय आणि झालं काय. असं म्हणून मी उरलेल्या पायऱ्या उतरले.

आमच्याकडे, इंडोनेशियातल्या जावा बेटावर, घरातून निघताना वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावतात आणि निरोप मागतात. बाजारात जायचं असलं तरी मागतात आणि समुद्रापार जायचं असलं तरी मागतात. आणि एक गोष्ट अशी, की तो हात आपण सोडायचा नसतो. मोठ्यांनी सोडला की मग निघायचं. लहानपणी मला याचा वैताग यायचा, कारण माझी आजी हात धरूनच गप्पा मारत बसायची आणि शाळेची घंटा होऊन जायची. मी घर सोडलं तेव्हा एजंटची गाडी अंगणात उभी होती. मी वाकले, आईचा हात कपाळाला लावला आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, सोडू नकोस, तू सोडलं नाहीस तर मला जायला नको. तिने चटकन सोडला. लुगड्याला हात पुसला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला मागे गेली. तेव्हा मला तिचा राग आला होता. तैपेईत नदीपलीकडच्या या गल्लीत राहून, दुसऱ्यांच्या आया धुऊनपुसून निजवताना, पुष्कळ वर्षांनी कळलं की तिने मला सुखरूप जाऊ देण्यासाठीच हात सोडला होता. ती गेली तेव्हा मी इथेच होते. तिचा हात कपाळाला लावायचा राहिला, आणि मग मी आमाचा लावायला लागले. आमाला प्रथम हसू आलं. “मी काय देव आहे का गं?” ती म्हणाली. पुढे तिला सवय झाली. ती हात पुढे करायची, मी ‘आमा, येते’ म्हणायची, ती ‘सावकाश जा’ म्हणून हात सोडायची. इथली माणसं निघालेल्या कोणालाही सावकाश जा म्हणतात, दुकानदारही म्हणतात. पण मला तो माझा निरोप वाटायचा.

खाली नेहमीचा घोळका उभा होता. कचऱ्याची गाडी ही आमची जत्रा. दिवसभर एकेका घरात एकेका म्हाताऱ्यापाशी अडकलेल्या बाया तेवढ्यापुरत्या मोकळ्या होतात, म्हणून गाडी उशिरा आली तर गल्लीतले घरमालक कुरकुरतात आणि आम्ही खूश असतो. वारसी आधीच येऊन उभी होती. वारसी आमच्यात सगळ्यांत थोरली, तिला सगळ्या म्बाक म्हणतात. आमच्यात थोरल्या बहिणीला म्बाक म्हणतात. तिच्याकडचे आजोबा तिला दिवसातून तीनदा लग्नाची मागणी घालतात आणि ती दर वेळी ‘आधी दात बसवून घ्या’ म्हणते.

“रुमी, तोंड का उतरलंय? आमाने पेज थुंकली वाटतं?” तिने विचारलं.

“नाही, म्बाक. जेवली नीट.”

“मग पोरीचा फोन आला असेल.”

“तो यायचाय अजून.”

“तरीच,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातल्या बादलीकडे बघून गप्प झाली. ती बादली बघून सगळ्याच गप्प होतात. झाकणावर पांढऱ्या रंगाने फूल काढलेलं आहे, ते मी काढलेलं नाही. ते पार्तीने काढलेलं. आमची घरची बादली वर न्हाणीघरात पालथी पडली आहे आणि मी पार्तीची बादली वापरते, ती टाकूनही देववत नाही आणि परत द्यायची तर कोणाला द्यायची.

पार्ती समोरच्या इमारतीत तिच्या आमापाशी राहायची, आमच्याच उंचीवर. तिची खिडकी आणि माझी खिडकी यांच्यामध्ये गल्लीची रुंदी आणि दोन लोखंडी पिंजरे. इथल्या जुन्या घरांना सगळ्या खिडक्यांना असे पिंजरे असतात, चोरांच्या भीतीने बसवलेले. त्यात कुंड्या ठेवतात, कपडे वाळत घालतात. प्रत्येक पिंजऱ्याला एक लहान दार असतं, आग लागली तर निघायला, आणि त्या दाराला कुलूप असतं, चोर शिरू नये म्हणून. कुलपाची चावी कुठे असते ते घरात कोणालाच माहीत नसतं. सकाळी पार्ती तिच्या पिंजऱ्यात टॉवेल झटकायची आणि मी माझ्या. त्यात काही ठरवलेलं नव्हतं, पण एखाद्या सकाळी तिचा टॉवेल दिसला नाही तर माझा चहा घशाखाली उतरायचा नाही. इकडे येण्याआधी आम्हाला जावातल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवलं होतं, परदेशात सुरक्षित कसं राहायचं. ओल्या हाताने बटण दाबू नका, अनोळखी माणसाकडून काही खाऊ नका, पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नका, संकटात आधी स्वतःचा जीव सांभाळा. आम्ही ओळीने उभ्या राहून ते मोठ्याने म्हणायचो. पार्तीचा आवाज सगळ्यांत खणखणीत असायचा, ती शेवटचं वाक्य दोनदा म्हणायची आणि बाई तिला शाबासकी द्यायच्या.

त्या संध्याकाळीही आम्ही अशाच उभ्या होतो. गाडी कोपऱ्यावर आली होती, गाणं ऐकू येत होतं. पार्ती मला सांगत होती की तिच्या आमाने आज नकली दात फुलदाणीत टाकले. आणि तिच्या इमारतीच्या जिन्यातून धूर बाहेर आला. आधी पातळ. इथे पितरांसाठी कागद जाळतात, तसे कोणीतरी जाळत असेल असं वाटलं. मग काळा आला. खाली जिन्यात कोणी स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावली होती असं नंतर म्हणाले. पार्तीने तिची बादली माझ्या हातात दिली. “धर जरा, म्बाक. आले,” असं ती म्हणाली आणि आत शिरली. धावतही नव्हती, लगबगीने चालत गेली, गॅसवर दूध राहिलं असावं तशी. तिने आमाला बाहेरून कुलूप घालून ठेवलं होतं. सगळ्याच ठेवतो. न ठेवलं तर म्हाताऱ्या रस्त्यावर जातात.

पुढचं मी पाहिलं आणि गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं, पण सगळ्यांनी एकच पाहिलं असं नाही. ती वर खिडकीत आली. पिंजऱ्याचं लहान दार तिने उघडलं. नंतर लोक म्हणाले की दार उघडलं नाही, चावी सापडली नाही, परदेशी बाई बिचारी पिंजऱ्यात अडकली. मालकांनी चाव्या नीट ठेवाव्यात अशी पत्रकं वाटली गेली. पण ते दार उघडं होतं. अजूनही उघडंच आहे, काळं पडलेलं, मी रोज बघते. तिने एक पाय बाहेर टाकला होता. खाली तळमजल्याच्या पत्र्यावर सहज उतरता आलं असतं. गल्लीतल्या नूडलवाल्याने टेबल ओढून आणलं, वारसी ओरडत होती, ये गं, ये. पार्तीने खाली बघितलं. मला बघितलं, हातात बादली धरलेली. आणि मग तिने मान मागे वळवली. कोणी हाक मारली की वळतो तशी नव्हे. उंबरठ्यावर पोचल्यावर आठवतं, अरे, निरोप घ्यायचा राहिला, तेव्हा वळतो तशी. हे मी कोणाला पटवून देऊ शकणार नाही. पण मी जन्मभर तशी वळत आले आहे, मला ते वळणं ओळखता येतं. तिने बाहेरचा पाय आत घेतला.

नंतर बंबवाल्यांनी सांगितलं की दोघी एकमेकींचा हात धरलेल्या सापडल्या. ते ऐकून गल्ली रडली. टीव्हीवर आलं. वॉर्डाच्या प्रमुखांनी तिचा फोटो चौकटीत घालून तिच्या घरी पाठवला, आपल्या आमासाठी प्राण देणारी मुलगी म्हणून. तिचे मालक खरोखर ढसाढसा रडले, त्यात खोटं नव्हतं. सगळं चांगलं झालं, सगळं रीतसर झालं. फक्त कोणी कोणाचा हात धरला होता, हे कोणी विचारलं नाही.

त्यानंतर माझ्या आमाचा मुलगा आला. आम्ही सगळ्याच मालकांना बॉस म्हणतो, पण या माणसाला बॉस म्हणताना जीभ अडखळते, इतका तो भिडस्त आहे. बिस्किटांच्या जुन्या डब्यातल्या सगळ्या चाव्या त्याने पिंजऱ्याच्या कुलपाला लावून बघितल्या. एक लागली. कुलपात तेल सोडलं, चावी दोऱ्यात ओवली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली.

“गळ्यातच ठेव,” तो म्हणाला. “आईच्या हाती लागू देऊ नकोस. ती उघडून बाहेर जाईल.”

“बरं, बॉस.”

“आता काळजी नाही, नाही का?”

“नाही, बॉस.”

तो थोडा वेळ खिडकीबाहेर त्या काळ्या भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आई चालू शकेल ना त्यातून?” मी म्हटलं, चालेल. त्याला हेच उत्तर हवं होतं आणि मलाही.

एका दुपारी मी करून बघितलं. आमाची तब्येत बरी होती, तिने सकाळी माझं नाव बरोबर घेतलं होतं. मी लहान दार उघडलं, स्टूल लावलं आणि आधी स्वतः जाऊन बघितलं. माझं कंबरडं तिरकं केलं तर मावतं. एक पाय बाहेर, पत्र्यावर. ऊन, खालून नूडलच्या रश्श्याचा वास, आणि पायाखाली पत्रा किंचित दबतोय. मला एकाएकी फार हलकं वाटलं आणि त्याची लाज वाटली. मग आत येऊन आमाला म्हटलं, चला, आपण बाहेरची गंमत बघू. तिचा पाय मी स्टुलावर ठेवला. दुसरा उचलायला गेले तशी तिने गजाला घट्ट धरलं. “खिडकीतून चोर जातात,” ती म्हणाली. “मी काय चोर आहे? मी या घरात दारातून आले.” मी लाडीगोडी लावली, सुकवलेलं आलुबुखार दाखवलं, रागावूनही बघितलं. ती जमिनीवर बसली आणि चपला पोटाशी धरून लहान मुलीसारखी रडायला लागली. मी तिला उचलू शकत नाही. पलंगावरून खुर्चीत घेऊ शकते, खिडकीतून बाहेर नाही. म्हणजे गळ्यातली ही चावी एका माणसाची आहे. पार्तीलाही हे तिच्या खिडकीत उभं राहून कळलं असणार.

माझ्या मुलीला ते आधीच कळलं होतं. निंग एकोणीस वर्षांची आहे, गावच्या दवाखान्यात काम शिकते आणि आईशी डॉक्टरसारखं बोलते. आगीची बातमी गावात पोचली त्या दिवशी तिचा फोन आला.

“आई, तुझ्या आमाला मुलं किती?”

“चार.”

“मला आया किती?”

“एक.”

“मग शपथ घे. माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं समज आणि घे. आग लागली की तू एकटी बाहेर यायचं. मागे बघायचं नाही.”

“घेतली.”

“अशी पटकन नको. तुला मी ओळखते. तू निरोप घेत बसशील. तुला ‘जा’ म्हटल्याशिवाय तू शेजारणीकडूनसुद्धा उठत नाहीस.”

तिला पार्तीचं ते वळणं मी सांगितलं नव्हतं. तरी तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं. मग तीच म्हणाली, सवय मोडायला हवी. रोज जेव्हा खाली जातेस तेव्हा न सांगता जायचं. हात धरायचा नाही. पायांना शिकवायचं. दवाखान्यात म्हणे असंच शिकवतात, हात आपोआप चालायला हवेत, विचार करत बसलं तर रोगी जातो. ती रोज विचारायची, आज केलंस? आणि मी रोज काहीतरी सबब सांगायची. आमाला ताप होता. बॉस आले होते. काल तिने फोनवर रडून घेतलं. मोठ्याने नाही, बोलता बोलता मध्येच थांबून. “मला तुझा फोटो चौकटीत नको,” ती म्हणाली. आईला मुलीने असं सांगावं लागतं, यापरतं दुसरं वाईट नाही. म्हणून आज गाणं वाजलं तेव्हा मी आमाच्या मागून, चप्पल काखेत धरून, चोरासारखी बाहेर पडले.

गाडी आली. पिशव्या टाकल्या. उष्टं पिंपात ओतलं, पार्तीची बादली नळाखाली विसळली. वारसी तिच्या आजोबांची नवी मागणी सांगत होती, या वेळी त्यांनी गावाकडचा डुकरांचा गोठा देऊ केला होता, आणि बाया हसत होत्या. “मुसलमान बाईला डुकरं देतोय, बघा म्हाताऱ्याचं प्रेम,” ती म्हणाली. मीही हसले. हसता हसता वाटलं, जमलं की. काही आभाळ कोसळलं नाही. असं आठवडाभर केलं की पाय शिकतील, कपाळ विसरेल, आणि निंगला एकदा तरी मी खरं सांगितलेलं असेल. मला अगदी मोकळं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात वारसी बोलता बोलता थांबली आणि तिने वर बघितलं.

“रुमी, तुझी आमा.”

आमा खिडकीत होती. पिंजऱ्याला छाती टेकवून उभी. तिने एक हात गजांमधून कोपरापर्यंत बाहेर काढला होता, तळवा खाली, बोटं सैल सोडलेली. कोणाला बोलवत नव्हती, खुणावत नव्हती, ओरडतही नव्हती. माझं कपाळ जेवढ्या उंचीवर येतं तेवढ्या उंचीवर तिने हात धरून ठेवला होता आणि ती वाट बघत होती. समोरच्या भिंतीवर पार्तीचं काळं दार उघडं होतं.

“काय मागतेय गं ती?” वारसीने विचारलं.

“काही नाही, म्बाक. तिला संध्याकाळची वारा घ्यायची सवय आहे,” मी म्हटलं.

जिना चढताना मी स्वतःला बजावत होते की हात धुवायचे, तिला औषध द्यायचं, नेहमीसारखं वागायचं, काही झालंच नाही. कुलूप उघडलं. ती अजून खिडकीतच होती आणि तिचा हात बाहेरच होता, आता कापायला लागला होता. गजांवर घासून कोपरापाशी लाल झालं होतं. मी तिचा हात हळूच आत घेतला. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला मी कोण ते आठवलं नाही, हे मला दिसलं. नाव गेलं होतं, चेहरा गेला होता. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की गाणं वाजलं की कोणीतरी आपला हात कपाळाला लावतं आणि आज लावला नाही. मी वाकले. लावला. मलमाचा वास आला आणि मला रडू फुटलं, आईसाठी, पार्तीसाठी, कोणासाठी ते मला सांगता येणार नाही.

मग मी वाट बघितली. ‘सावकाश जा’ आलं नाही. तिने हात सोडला नाही. उलट दुसरा हातही माझ्या मनगटावर ठेवला. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांत एवढा जोर कुठून येतो कोण जाणे. खाली गाडीचं गाणं पुढच्या गल्लीत गेलं आणि ऐकू येईनासं झालं. मी ओढून घेतला असता तर सुटला असता. मी काही लहान नाही आणि ती काही भूत नाही. माझ्या गळ्यात चावी होती, पिंजऱ्याचं दार हातभर अंतरावर होतं, धूर नव्हता, घाई नव्हती, शिकायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. आणि मला हात ओढून घेता येईना.

एप्रनच्या खिशात फोन वाजला. डाव्या हाताने काढला.

“आई, आज केलंस?” निंगने विचारलं.

“केलं.”

“खरं? न सांगता गेलीस?”

“न सांगता. कचरा टाकून आलेसुद्धा.”

पलीकडून तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. एवढ्या दिवसांत प्रथमच तिचा आवाज एकोणीस वर्षांच्या मुलीचा वाटला. “बघ, मी म्हणत होते ना,” ती म्हणाली. “उद्याही कर. रोज कर. जमेल ना तुला?”

“जमेल.”

आमा माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने मनगट आणखी घट्ट धरलं आणि तिच्या भाषेत, जी माझ्या मुलीला येत नाही, स्वच्छ म्हणाली, “जाऊ नको. मला एकटीला ठेवून जाऊ नको.”

“काय म्हणतेय ती?” निंगने विचारलं.

“सावकाश जा म्हणतेय,” मी सांगितलं, आणि हात तसाच तिच्या हातात राहू दिला.